डीनसाहेबांना भेटून काही होत नाही

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी आलेली निम्म्याहून जास्त पत्रं मेडिकल ॲडमिशनची आहेत, त्यामुळे सासू-सुना, भाडेकरू आणि सोसायटीचं पार्किंग सगळं पुढच्या अंकात. रागावू नका.

प्रश्न : ताई, मी परभणीची. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, हा माझा दुसरा अटेम्प्ट, लातूरला राहून रिपीट केलं. ओबीसीतून फॉर्म भरलाय. राज्याची मेरिट लिस्ट लागली, कॉलेजांच्या चॉइस भरून लॉक केल्या आणि आता पहिल्या कॅप राऊंडची, म्हणजे राज्याच्या प्रवेश फेरीची, तारीख सारखी पुढे जातेय. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत साईट रिफ्रेश करत बसते. मामा म्हणतो जुना कट ऑफ बघता तुझं नांदेड कुठं गेलं नाही, मैत्रीण म्हणते यंदा काही खरं नाही. बाबांच्या ओळखीचे एकजण म्हणतात चला डीनसाहेबांना भेटून येऊ, अर्ज लक्षात राहील. वर परवा एकाचा फोन आला, कर्नाटकात मॅनेजमेंटची सीट आहे, पन्नास हजार टोकन टाका. मी मुंबईची केईएम, जेजे वर टाकलेत, त्या चॉइस वाया गेल्या का? त्यामुळे खालचं पण हातचं जाईल का? हे वाट बघायचे दिवस कसे काढू, काहीच सुचत नाहीये.

उत्तर : अगं, आधी डीनसाहेबांचं निकाली काढू म्हणजे बाबांचा एसटीचा खर्च तरी वाचेल. आपल्याकडे एमबीबीएसला कॉलेज मुलं निवडतच नाही. अमेरिकेत कॉलेजं निबंध वाचतात, इंटरव्ह्यूला बोलावतात आणि मग वेटलिस्टवर महिनोन्‌महिने लटकवतात, तिथे कुणाच्या तरी मनात काय आहे याची वाट बघावी लागते. इथे तुझी फाईल कुणाच्या टेबलावर नाहीये. पंधरा टक्के ऑल इंडियाच्या जागा दिल्लीतली एमसीसी म्हणजे मेडिकल काउन्सेलिंग कमिटी भरते, उरलेल्या पंच्याऐंशी टक्के राज्याची सीईटी सेल, आणि दोन्हीकडे कॉम्प्युटर नंबरानुसार खाली येत जातो. कॉलेजला तुझं नाव कळतं ते तुला सीट लागल्यावर. तोपर्यंत डीन चहा पाजतील, त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नाही.

आता केईएम-जेजेचं. ही भीती दरवर्षी निम्म्या मुलांना असते आणि त्यापायी पोरं लिस्ट उलटी भरतात, सोपं वाटणारं कॉलेज वर टाकतात आणि मग तेच लागतं, हातात आलेलं सोडवत नाही आणि ठेववतही नाही. होतं काय ते बघ. तुझ्या पुढच्या सगळ्यांच्या सीट ठरल्यावर मशीन तुझ्या नंबरावर येतं आणि तुझी पहिली चॉइस बघतं. केईएमला तुला चालणारी जागा उरलीय का? नाही. मग जेजे. नाही. मग पुण्याचं बीजे, मग संभाजीनगर, असं करत जिथे पहिल्यांदा जागा सापडेल तिथे थांबतं. नांदेड तू पहिलं टाकलं असतंस किंवा पंधरावं, नांदेडसाठी तुझा नंबर तोच राहिला असता, पंधराव्यावर टाकलं म्हणून तुझ्या मागचा कुणी पुढे घुसत नाही. त्यामुळे वरच्या चॉइसनी तुझं काही नुकसान केलेलं नाही, लिस्ट आवडीप्रमाणे भरली असशील तर बरोबरच भरलीयस.

मामांना माझा नमस्कार सांग आणि विचार की कट ऑफ कुठल्या वर्षीचा? २०२० च्या आधीचा असेल तर तेव्हा सत्तर-तीसचा नियम होता, मराठवाड्याच्या कॉलेजांत सत्तर टक्के जागा मराठवाड्याच्या मुलांना, तो २०२० च्या सप्टेंबरात रद्द झाला, म्हणजे तो कट ऑफ आता रद्दी. २०२४ चा असेल तर त्या वर्षी मार्कांचा महापूर आला होता, पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, आणि लगेच २०२५ ला पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. हे मार्क एकमेकांशेजारी ठेवून काय कळणार? शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी १० नवीन सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं, जालना आणि हिंगोली त्यातलीच, तुमचं परभणीचं तर त्याच्याही आधीचं. जागा वाढल्या की सगळंच सरकतं. बघायचंच असेल तर मार्क सोड आणि यंदाची राज्याची मेरिट लिस्ट उघड, त्यात तुझ्या पुढे ओबीसी किती आणि त्यातल्या मुली किती ते मोज, कारण मुलींच्या तीस टक्के जागा वेगळ्या असतात. ओपनच्या जागांवरही मेरिटने तुझा हक्क असतोच. हा हिशोब एका दुपारी होतो आणि मामांच्या अंदाजापेक्षा बराच खरा निघतो.

तारीख का ढकलतात तर बऱ्याचदा त्याचं मूळ दिल्लीत असतं. एमसीसीचा राऊंड आणि राज्याचा राऊंड आलटून पालटून चालतात, तिकडचं लांबलं की इकडचं लांबतं. आणि हे मुलांच्या फायद्याचंच असतं खरं तर. राज्याच्या लिस्टमध्ये वर असलेला एखादा एम्सला किंवा ऑल इंडियातून दुसरीकडे गेला की त्याची इथली जागा मोकळी होते, तिथे खालचा एकजण वर सरकतो, त्याची जागा रिकामी, तिथे आणखी खालचा, असं ते दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडपर्यंत झिरपत येतं. म्हणून पहिल्या राऊंडला नाव नाही आलं तर रडून घे एक दिवस, पण राऊंड संपलेले नसतात. आणि उशीर म्हणशील तर २०२१ च्या बॅचची परीक्षाच १२ सप्टेंबरला झाली, काउन्सेलिंग सुरू झालं थेट जानेवारी २०२२ मध्ये. २०२४ ला पेपरफुटीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हाही ऑगस्ट निम्मा उलटेपर्यंत काही हललं नव्हतं. ती मुलं आता ॲप्रन घालून वॉर्डात फिरतायत.

आता जरा खडसावते. रात्री दोनला साईट रिफ्रेश करतेस पण फाईल पूर्ण आहे का? सीट लागल्यावर हजर व्हायला मोजके दिवस मिळतात, त्यात सुट्टी आली की बँक बंद, सेतू बंद. कास्ट सर्टिफिकेट आहे, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचा दाखला, हातात आहे का? अर्जाच्या पावतीच्या भरवशावर राहू नकोस, समितीच्या ऑफिसात बाबांना आजच पाठव, डीनसाहेबांकडे जायला सुट्टी काढणारच होते ना. नॉन क्रिमीलेअरची मुदत बघ, ३१ मार्चला संपलेलं जुनंच फाईलला लावून बसलेल्या मुली मी पाहिल्यात. डोमिसाईल, टीसी, दहावी-बारावीच्या मार्कशीट, मेडिकल फिटनेस त्यांनी दिलेल्या नमुन्यातच, रिपीट केलंय म्हणून गॅपचं ॲफिडेव्हिट. आणि नाव! मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि कास्ट सर्टिफिकेटवर दुसरं असं आहे का ते अक्षर अक्षर लावून बघ, आपल्याकडे वडिलांच्या नावापुढचं ‘राव’ कधी असतं कधी नसतं आणि तेवढ्यावरून खिडकीवरचा माणूस फाईल परत सरकवतो. आई-बाबांचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर तोही दाखला काढून ठेव, २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना कॅपमधून मिळालेल्या सीटवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं.

सीट लागली पण मनासारखी नाही, तर जॉइन कर आणि रिटेन्शनचा, म्हणजे ‘हीच सीट ठेवते’ असा, फॉर्म भरू नको, म्हणजे पुढच्या राऊंडला नाव राहतं. मात्र पुढच्या राऊंडला वरचं काही लागलं की आधीची सीट आपोआप जाते, मग ‘मला जुनंच द्या’ चालत नाही. तेव्हा हातातल्या कॉलेजपेक्षा जे खरंच जास्त हवं असेल तेवढंच वर टाकायचं, एक पण जास्त नाही.

त्या पन्नास हजारवाल्याचा नंबर ब्लॉक कर. डिम्ड म्हणजे अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसीच भरते, खासगी कॉलेजातली मॅनेजमेंटची सीटसुद्धा नीटच्या मेरिटनेच द्यायची असते, काउन्सेलिंगच्या बाहेरून घेतलेली ॲडमिशन रद्द होते आणि तोपर्यंत टोकनवाल्याचा फोन लागत नसतो.

दिवस कसे काढायचे म्हणतेस, तर फोन आईकडे दे आणि साईट दिवसातून दोनदा बघ, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, नोटीस आली तर ग्रुपवर गाव बोंबलतंच. लातूरला दिवसरात्र अभ्यास केलेल्या पोरीला एकदम रिकामं बसवलं की डोकं खायला उठतंच. गाडी शिक, स्वयंपाक शिक, हॉस्टेलला गेल्यावर दोन्ही लागणार आहे.

प्रश्न : ताई, मुलाला ऑल इंडियाच्या पहिल्या राऊंडला मध्य प्रदेशातलं सरकारी कॉलेज लागलंय. राज्याचा निकाल अजून नाही. घरच्यांचं म्हणणं, जॉइन करून ठेवा, हातचं सोडून पळत्याच्या मागे का लागायचं? मी म्हणतो तिथे ओरिजिनल कागद अडकले तर इथलं पण जाईल. काय करावं? — एक वडील, संगमनेर

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे म्हणून तर भांडण मिटत नाहीये. पहिल्या राऊंडला फ्री एक्झिट असतो, नाही गेलात तरी डिपॉझिट जात नाही, सरकारी जागांसाठी ओपनचे दहा हजार किंवा राखीवचे पाच हजार जे भरलेत ते शाबूत राहतात आणि दुसऱ्या राऊंडलाही बसता येतं. पण सोडलेली सीट परत मिळेल याची खात्री नाही. म्हणून आधी राज्याच्या मेरिट लिस्टमध्ये मुलगा कुठे आहे ते बघा. इथे सरकारी सहज मिळेल असा नंबर असेल तर एवढा प्रवास कशाला करायचा. काठावर असेल तर मी म्हणेन जॉइन करा. कागद अडकतात हे खरं, पण ठरलेल्या मुदतीत राजीनामा दिला की परत मिळतात, फक्त तो एमसीसीच्या पोर्टलवरून कॉलेजने ऑनलाईन काढून द्यावा लागतो. क्लार्क म्हणाला ‘हो गया, जाइए’ म्हणून हाताने लिहिलेला अर्ज देऊन निघालात तर पोर्टलवर तुमचा मुलगा जॉइन झालेलाच दिसणार आणि राज्यात त्याचं नाव अडणार. छापील कागद हातात घेतल्याशिवाय ऑफिसच्या बाहेर पडू नका, मग गाडी चुकली तरी चालेल. दुसऱ्या राऊंडपासून सीट सोडणं महागात पडतं आणि तिसऱ्याला जॉइन केलं की सुटका नाही, तेव्हा काय ती धरसोड आत्ताच. आणि बाँड वाचा हो. आपल्याकडे सरकारी एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा द्यावी लागते, दुसऱ्या राज्याचं गणित वेगळं असतं.

प्रश्न : एमबीबीएसला नाही लागलं तर आपोआप बीएएमएसला नाव जातं ना? की पुन्हा ड्रॉप घेऊ? — आर., जळगाव

उत्तर : आपोआप काही जात नाही रे. स्कोअर नीटचाच, पण आयुर्वेद-होमिओपॅथीचे राऊंड वेगळे, चॉइस वेगळ्या भरायच्या, आणि ऑल इंडियातून हवं असेल तर रजिस्ट्रेशनही वेगळं, ते एमसीसी नाही, आयुषची वेगळी कमिटी बघते. एमबीबीएसच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली मुलं नेमकी ही तारीख चुकवतात. फॉर्म भरून टाक, जायचं की नाही ते नंतर. ड्रॉपला कायद्याने अडवत नाही कुणी, वयाची वरची अट नाही, अटेम्प्टची मर्यादा नाही. पण मॉक टेस्टचे मार्क शेवटचे तीन-चार महिने एकाच जागी अडकले असतील तर त्याच क्लासमध्ये त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसून ते हलतील असं मला नाही वाटत.

प्रश्न : नातवाचा निकाल लागायचाय. घरात कुणी बोलत नाही, पोरगं ताट घेऊन खोलीत जातं. मी विचारलं तर सून डोळे वटारते. मी विचारू की नको? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, नंबराचं विचारू नका, बाकी सगळं विचारा. रक्तदाब मोजून दे म्हणा, मोबाईलमध्ये अक्षर मोठं करून दे म्हणा, बँकेत घेऊन चल म्हणा. आणि शेजारच्या काकू ‘लागला का हो नंबर’ विचारायला आल्या की त्यांना दारातच गाठा, ते काम तुमच्याइतकं चांगलं सुनेला जमणार नाही.