समोरच्याची वाक्यं आधी

बयो,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा तू काय म्हणतेस त्यासाठी, एकदा मागे खडखडणाऱ्या ट्रामसाठी. पोलंडमधल्या व्रोत्सवाफला जाऊन चार महिने झाले तरी पोलिशच्या सात विभक्त्या ताब्यात येत नाहीत म्हणून कुरकुरतेस. शाळेत आठ विभक्त्या प्रत्ययांसकट घोकलेल्या मुलीने सातांना घाबरावं? असो. खरी गोष्ट त्यानंतर आली. बर्लिनच्या कुठल्याशा मालिकेत नर्सची भूमिका आहे, टेप, म्हणजे घरीच चित्रित केलेली ऑडिशन, मागितली आहे, आणि 'ॲक्सेंट असला तर उत्तमच' असं कळवलंय. ते तुला लागलं. मॅक्समुल्लर भवनात एवढी वर्षं जर्मन घासून शेवटी हेच का, असं तुझं म्हणणं. वर विचारतेस, ॲक्सेंट पूर्ण जायला किती काळ लागतो?

तू ज्या देशात बसली आहेस, तिथलीच एक बाई दाखवते. अगाता बुझेक. जन्म १९७६चा, शिक्षण वॉर्साच्या नाट्य अकादमीत. पोलिशखेरीज जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजीतही तिने कॅमेऱ्यासमोर काम केलंय. २००६मध्ये ती एका जर्मन सिनेमात होती: बर्लिनमधली कफल्लक मॉडेल, खोलीचे पैसे संपल्यावर मोठ्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपणारी. २०१३मध्ये लंडनच्या रस्त्यावर बेघरांना जेवण वाढणारी पोलिश नन, समोर जेसन स्टेथम. २०१६मध्ये पुन्हा नन, या वेळी आन फोंतेनच्या फ्रेंच-पोलिश सिनेमात. कळतंय ना काय चाललंय? परक्या गावात आलेली, नाहीतर डोक्यावरून कापड घेतलेली. आता तू म्हणशील, तिचे वडील येझी बुझेक १९९७ ते २००१ पोलंडचे पंतप्रधान, पुढे युरोपियन संसदेचे अध्यक्ष, तिला काय कमी? खरंय. पण पंतप्रधानांच्या मुलीलाही इंग्रजी सिनेमात ननच मिळाली.

मी मुंबईत हिंदी मालिकांच्या ऑडिशन द्यायला लागले, तेव्हा तीन वर्षं मला कामवाली बाईच मिळत गेली. नाव बदलायचं, झाडू तोच. एकदा मी शुद्ध हिंदी बोलले तर दिग्दर्शक म्हणाला, 'थोडा और मराठी डालो.' रागाने घरी आले आणि दोन महिने आरशासमोर हिंदीतून मराठी पुसत बसले. काय झालं? बाईची कामं गेली आणि दुसरी आली नाहीत. माझं हिंदी कुठल्याच गावचं राहिलं नव्हतं.

म्हणून त्या २०१६च्या सिनेमातली नन नीट बघ. डिसेंबर १९४५, पोलंडमधला मठ. युद्धाच्या शेवटी सोव्हिएत सैनिकांनी केलेल्या बलात्कारांमुळे काही नन गरोदर आहेत, आणि फ्रेंच रेड क्रॉसची एक तरुण डॉक्टर गुपचूप त्यांची बाळंतपणं करते. अगाता यात सिस्टर मारिया आहे. डॉक्टरशी फ्रेंचमध्ये बोलते, मठात पोलिशमध्ये. तिच्या फ्रेंचमध्ये पोलिश ऐकू येतं आणि यायलाच हवं, कारण सगळी ओढाताण तिथेच आहे. मठाबाहेरची गोष्ट आत नेताना आणि आतली बाहेर सांगताना काय गाळायचं, किती सांगायचं, हे ती दर वेळी ठरवतेय. पॅरिसची नटी स्वच्छ फ्रेंच बोलली असती, पण हे गाळणं तिला कुठून आणता आलं असतं?

आणि हे काम तिला मिळालं कसं? मला विचारशील तर पोलिशमधून. २००९मध्ये बोरिस लांकोशच्या पहिल्या कथापटात ती साबिना झाली. पन्नाशीच्या दशकातलं स्टालिनवादी वॉर्सा, प्रकाशन संस्थेत काम करणारी, लग्न जुळत नाही म्हणून आई-आजीने बेजार केलेली मुलगी. घरात सोन्याचं एक नाणं आहे, ते बाळगणं गुन्हा. मग ती ते रोज गिळते. रोज! पुन्हा हाती आलं की धुते आणि पुन्हा गिळते. आईच्या भूमिकेत क्रिस्टिना यांदासारखी मातब्बर नटी असूनही नजर साबिनाच्या घशावर राहते. पुढच्याच वर्षी, २०१०मध्ये, बर्लिनच्या महोत्सवात युरोपभरातून निवडतात त्या मोजक्या तरुण 'शूटिंग स्टार' नटांमध्ये अगाता होती. बर्लिनला तिचं जर्मन ऐकवून नव्हे, स्वतःच्या भाषेतल्या कामावर. तू तिकडे गेल्यापासून मराठीतलं एक पानही मोठ्याने वाचलेलं नाहीस, हे मला तुझ्या आवाजावरूनच कळलं. ते आधी सुरू कर.

पैशाचं गणितही समजून घे, त्यात लाज नाही. तिकडचे बरेच सिनेमे दोन-तीन देश मिळून काढतात. पैसा जिथून येतो तिथले नट, तंत्रज्ञ, लोकेशन हेही बहुधा येतं. नन पोलिश आणि डॉक्टर फ्रेंच, ही त्या कथेची गरज होती तशी त्या हिशेबाचीही. त्यामुळे 'मला परदेशी म्हणून घेतलं' यात अपमान शोधू नकोस. दार असंच उघडतं. क्लेअर दनीच्या २०१८च्या इंग्रजी अवकाशपटात अगाता यानाची पायलट आहे, नाव नॅन्सन. तिथे तिचा देश कोणाला पडलेला नाही.

टेपबद्दल सांगायचं ते एवढंच, पण ते नीट ऐक. परक्या भाषेत आपण स्वतःची वाक्यं घोटतो आणि समोरच्याची विसरतो. मग तो बोलत असताना आपण ऐकत नाही, त्याचा शेवटचा शब्द कधी येतो याची वाट बघत बसतो. क्लोजअपमध्ये डोळे लगेच चुगली करतात, थेट फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे. तेव्हा आधी समोरच्याची वाक्यं पाठ कर, अर्थासकट. त्यांचं मराठी कर, भांडणातलं मराठी, पुस्तकातलं नको. ती ऐकून तुझ्या पोटात काय होतं ते बघ, आणि मगच स्वतःच्या जर्मन ओळीकडे वळ. उच्चाराचा शिक्षक लाव जरूर, पण शब्द समजावेत यासाठी. तू सदाशिव पेठेतली आहेस हे लपवण्यासाठी नको.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, योआन्ना कुलिगचा तो कृष्णधवल सिनेमा तू पाहिलाच असशील, २०१८चा, पावलिकोव्स्कीचा. झुला लोकगीत गाते, 'दोन काळजं, चार डोळे'. पॅरिसमध्ये त्याच गाण्याचं फ्रेंच होतं आणि ती भडकते: लंबकाने काळ मारला, म्हणजे काय? सगळ्यांना ती ओळ मोठी काव्यमय वाटतेय, हिला पटत नाही. तुलाही हे होणार. एखादी जर्मन ओळ तोंडात बसली नाही तर गप्प गिळू नकोस, विचार. लेखकाला ते आवडतंच असं नाही. तरी विचार.

आणि तिथल्या घरातला टीव्ही बघतेस का गं? पोलंडमध्ये परदेशी सिनेमावर एकच लेक्टर सगळ्यांचे संवाद वाचतो, नायिकेचेसुद्धा, सपाट पुरुषी आवाजात, खालून मूळ आवाज बारीक ऐकू येत राहतो. जर्मनीत तर दुसऱ्याच कुणाचा आवाज तोंडावर बसवतात. म्हणजे तू जिवाचं रान करून कमावलेला उच्चार अर्ध्या युरोपला ऐकूच जाणार नाही. चेहरा तेवढा जाईल.

प्रोफाइलमध्ये भाषा लिहिताना खरं लिही: मराठी मातृभाषा, हिंदी-इंग्रजी अस्खलित, जर्मन चांगलं, पोलिश प्राथमिक. पोलिश 'चांगलं' लिहिलंस आणि सेटवर कोणी विनोद केला, तर तोंड लपवायला जागा मिळणार नाही. जर्मन प्रोफाइलवर कोणत्या शहरात राहायची सोय आहे असाही रकाना असतो. नट बाहेरगावचा असला तर निर्मात्याला हॉटेलचा खर्च पडतो ना, म्हणून. बर्लिनला तुझी मामेबहीण आहे. तिला विचारून लिही, न विचारता नको.

टेपसाठी समोरची वाक्यं वाचायला तुझ्या त्या इंजिनिअरिंगवाल्या जर्मन रूममेटला बसव, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी. तिला अभिनय येत नाही म्हणतेस, ते बरंच आहे. ती मध्येच हसली किंवा अडखळली तर थांबू नकोस, चालू ठेव, आणि तीच टेप मला आधी पाठव.

तुझ्या बाई