सातवं पाऊल पडलं होतं का?

प्रश्न (थोडक्यात): मी लातूर जिल्ह्यातला, ती नांदेडची. छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या एकाच कंपनीत आम्ही नोकरीला आहोत. सिडकोतल्या घरमालकाला ‘फक्त फॅमिली’ हवी होती, म्हणून आधी शंभरच्या बॉंडवर नोटरीचं लग्न केलं. तेवढ्यानं मालकाचं समाधान होईना, तेव्हा एका एजंटानं देवळात हार घालून फोटो काढले आणि महापालिकेत विवाहनोंदणी करून दिली. घरी कुणालाच पत्ता नव्हता. संक्रांतीला मालकीणबाईंनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं आणि सूनबाईचं कौतुक करायला थेट माझ्या आईला फोन लावला. बराच तमाशा झाला. पण आता आम्हाला खरोखरच एकमेकांशी लग्न करायचं आहे. घरचेही राजी आहेत, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली आहे. नोंदणीला चार महिन्यांनी तीन वर्षं होतील. एजंट म्हणतो, आधी परस्पर संमतीनं घटस्फोट घ्या, मग लग्न लावा. काय करावं?

उत्तर: घटस्फोटाचा अर्ज मुळीच करू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधल्या कलम १३-ब खाली अर्ज केलात तर दोघांनाही शपथेवर सांगावं लागेल की आमचं लग्न झालं, वर्षभर किंवा अधिक काळ आम्ही वेगळे राहतो आणि आमचं एकत्र राहणं जमत नाही. यातलं पहिलं संशयास्पद आहे, उरलेली दोन्ही धडधडीत खोटी. त्यावर सहा महिने थांबायचं. (ही मुदत माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं आहे, पण ती मागायलाही अर्ज लागतो आणि अर्जाला तारीख लागते.) एवढं करून हाती काय, तर जिच्याशी लग्न करायचं तिच्याच नावापुढे ‘घटस्फोटित’.

घरासाठी, बदलीसाठी, व्हिसासाठी कागदावर लग्न करून मग घाबरलेल्यांची पत्रं आता नेहमीची झाली आहेत. तुमच्या मूळ पत्रात मुंडावळ्या कुठून आणल्या ते आहे, एजंटानं किती पैसे घेतले ते आहे, फोटोत कोण हसलं तेही आहे. ज्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे ती मात्र तीन पानांत कुठंच नाही: देवळात सप्तपदी झाली का?

हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की हिंदू विवाह वर किंवा वधू यांपैकी कुणा एकाकडच्या रूढीप्रमाणे आणि विधींनी लागला पाहिजे. त्या विधींत सप्तपदी असेल, तर अग्नीसमोर सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. नोंदणीचं कलम ८ वेगळं आहे. झालेल्या लग्नाची नोंद करायची राहून गेली म्हणून ते लग्न मोडत नाही, तसंच न झालेलं लग्न नोंदीनं लागत नाही. १९ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठासून सांगितलं. त्या जोडप्यानं २०२१ मध्ये एका संस्थेकडून विवाहाचं प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केली होती आणि विधींसाठी २०२२ ची तारीख ठरवली होती. विधी झालेच नाहीत, म्हणून प्रमाणपत्र आणि नोंदणी दोन्ही निरर्थक ठरली. लग्न म्हणजे नाचगाणी आणि जेवणावळ नव्हे, हेही न्यायालयानं सुनावलं. मात्र तो आदेश घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली होता आणि तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. तुम्हाला खालच्या न्यायालयात पुराव्यानिशी दावा चालवावा लागेल.

नोटरीच्या बॉंडबद्दल एका वाक्यात: त्यानं लग्न लागत नाही आणि मोडतही नाही.

आता दोघं बसा आणि नीट आठवा. फोटोग्राफरकडून निवडक फोटो नकोत, मूळ मेमरी कार्ड किंवा सगळ्या क्लिप घ्या. ते न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र सोबत लागेल. होम पेटला होता का? मंगलाष्टकं म्हटली गेली का? भटजी खरा होता की एजंटाचा माणूस? हे यासाठी की लग्नसमारंभ झाल्याचं एकदा दिसलं की आवश्यक विधीही झाले असतील असंच न्यायालय गृहीत धरतं, आणि नाही झाले हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. अंतरपाट धरलेला फोटो हौसेनं काढला असेल तर तोच आडवा येईल. शिवाय जवळपास तीन वर्षं तुम्ही नवराबायको म्हणून राहिलात, मालकीणबाईंनी तिला सवाष्ण म्हणून वाण दिलं. त्यावरूनही विवाहाचं अनुमान निघू शकतं. तुमच्यापैकी कुणाच्या समाजात सप्तपदीची रूढीच नसेल, उदाहरणार्थ बौद्ध पद्धतीनं लग्न लागत असेल, तर सप्तपदी झाली नाही हा मुद्दा टिकणार नाही. तुमच्या पत्रात याबद्दल काही नाही, म्हणून यावर ठाम मत देत नाही.

सप्तपदी किंवा तुमच्या रूढीचा पूर्ण विधी झाला असेल तर विषय संपला. तुमचं लग्न झालेलं आहे. घरच्यांच्या समाधानासाठी पुन्हा अक्षता टाका, तुळजापूरला जाऊन या, जागरण-गोंधळ घाला. नवी नोंदणी करू नका आणि कायदेशीर तारीख जुनीच धरा.

झाली नसेल तर त्या तारखेला विवाह झालाच नाही, असा घोषणेचा दावा लावा. इथं वकीलही चुकतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ खाली (विवाह शून्य ठरवण्यासाठी) अर्ज करू नका, कारण ते कलम ५ मधल्या ठरावीक अटी मोडल्या तरच चालतं आणि त्या अटींत विधी येत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम १२ मधली फसवणूकही चालणार नाही, कारण दोघांनी डोळे उघडे ठेवून सह्या केल्या. तुमचा मार्ग विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ३४ हा आहे. विवाहाच्या वैधतेबद्दलचे असे दावे कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ नुसार कुटुंब न्यायालयात जातात आणि छत्रपती संभाजीनगरला ते न्यायालय आहे. नोंदणी करणाऱ्या विवाह निबंधकाला पक्षकार करा, नाहीतर उद्या निकाल घेऊन गेलात तरी नोंदवहीतली नोंद तशीच राहील. निबंधक स्वतःच्या अधिकारात ती खोडून देईल असं धरून चालू नका.

आणि आता मुदत. अशा घोषणेच्या दाव्याला मुदत अधिनियमाचा अनुच्छेद ५८ लागू धरला तर दावा लावण्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. तो दिवस नोंदणीचा धरायचा की पुढचा, यावर वाद घालता येतो. विवाहविषयक कायद्यांखालच्या कार्यवाहीला मुदत अधिनियम लागू नाही, असंही म्हणता येतं. पण असा वाद नाइलाज झालेल्यानं घालावा. तुमच्या हाती चार महिने आहेत आणि त्यातले दोन नोटिशीत जाणार. सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, महापालिकेसाठी वेगळी एक महिन्याची. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो हे खरं, तरी त्या भरवशावर राहू नका. नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टानं गेली पाहिजे. पावत्या जपा. घरमालकाला दाखवायला कागद केला तेव्हाची घाई आता दाखवा.

दाव्यासाठी लग्न पुढे ढकलायचं कारण नाही. द्विविवाहाचा गुन्हा जोडीदार हयात असताना दुसऱ्या कुणाशी लग्न केल्यावर होतो. त्याच माणसाशी विधिवत लग्न लावल्यानं तो होत नाही. फक्त या वेळी भटजींना सांगून सातही पावलं घाला आणि ती व्हिडिओत दिसू द्या. नवी नोंदणी मात्र निकालाआधी करू नका. विवाहनोंदणीच्या १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं लग्नापासून ९० दिवसांत ज्ञापन (नोंदणीचा ठरावीक नमुन्यातला अर्ज) द्यायचं असतं. उशिरानंही नोंद होते. एकाच जोडप्याची दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं निघाली, तर विम्याच्या किंवा पेन्शनच्या वेळी कारकून दोन्ही प्रमाणपत्रं बाजूला सारेल.

दावा लावणं म्हणजे निबंधकासमोर खोटं निवेदन केल्याची कबुली देणं आहे, हेही समजून घ्या. तीन साक्षीदारांनीही सह्या केल्या आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम ८३ (कायदेशीर विवाह होत नाही हे ठाऊक असताना कपटानं विवाहविधी करणं, शिक्षा सात वर्षांपर्यंत) तुम्हाला लागू होईल असं मला वाटत नाही, कारण तुम्ही एकमेकांना फसवलं नाही. खोट्या निवेदनाचं काय होईल हे मूळ ज्ञापन पाहिल्याशिवाय कुणीच सांगू नये. त्याची प्रमाणित प्रत आधी काढा आणि दाव्यातला शब्दन् शब्द फौजदारी वकिलाला दाखवून घ्या. एजंटाला यातलं काही कळवू नका.

घराचा अकरा महिन्यांचा करार मध्येच संपला, तर नव्या करारात ‘पती-पत्नी’ लिहू नका. दोघांची नावं परवानाधारक (करारात भाड्यानं राहणाऱ्यासाठीचा शब्द) म्हणून स्वतंत्र लिहा. मालक ऐकत नसेल तर लग्नापर्यंत एकानं दुसरी खोली पाहावी.