व्हिजिओमध्ये (मायक्रोसॉफ्टचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) नेटवर्क रॅकमधल्या उपकरणांचे स्वतः बनवलेले शेप टाकले की फाइल जड होते, काय करावं?

बहुतेक वेळा दोष ग्रुपचा असतो. ४८ पोर्टचा (केबल जोडायच्या खाचांचा) नेटवर्क स्विच काढताना प्रत्येक पोर्ट वेगळा चौकोन ठेवून सगळ्यांचा ग्रुप केला, की त्या प्रत्येक चौकोनाला स्वतःची शेपशीट (शेपची मापं, सूत्रं ठेवणारा तक्ता) मिळते आणि असे २०-३० स्विच पानावर आले की फाइल रांगायला लागते. म्हणून एकाच रंगाचे पोर्ट सिलेक्ट करून डेव्हलपर टॅबमधल्या ऑपरेशन्समधून कम्बाइन करा, सगळे मिळून एकच शेप होतो. कनेक्शन पॉइंट मात्र जिथे खरंच केबल जोडून दाखवायचीय तिथेच द्या.

कॅडमधून आणलेलं चित्र तसंच वापरू नका प्लीज, त्यात स्क्रू न् जाळीच्या बारीक रेषा असतात ज्या प्रिंटमध्ये दिसतही नाहीत. माप मात्र खरंच ठेवा, १ यू (रॅकमधल्या उंचीचं एकक) म्हणजे ४४.४५ मिमी, आणि शेपशीटमध्ये विड्थ-हाइटला गार्ड (GUARD) फंक्शन लावा म्हणजे कुणी ओढून वाकडं करणार नाही.

शेप तयार झाला की स्टेन्सिलमध्ये (शेपच्या संग्रहात) मास्टर (मूळ नमुना) करून तिथूनच ओढा, मग प्रत्येक कॉपी मास्टरकडूनच भूमिती घेते, फाइलमध्ये फक्त फरक साठतो. आयपी, सिरीयल नंबर वगैरे शेप डेटात (शेपला जोडलेल्या माहितीच्या रकान्यांत) टाका, चित्रावर टेक्स्ट बॉक्स चिकटवत बसू नका.