सेकंड शिफ्टचं भांडण

‘एका सहकाऱ्याशी अजिबात पटत नाही, नोकरी सोडू का?’ कारखान्यांमध्ये समुपदेशनाला बसते तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा मनाने नोकरीतून निम्मा बाहेर पडलेलाच असतो. चाकणच्या एका कारखान्यातल्या तरुणीची हकीकत सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती डिप्लोमा झालेली, क्वालिटीत लाइन इन्स्पेक्टर. बिनसलं होतं प्रॉडक्शनच्या सुपरवायझरशी. पन्नाशीचा माणूस, उभी हयात मशीनवर गेलेली, सगळा प्लांट त्यांना अण्णा म्हणतो. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागांवर, मशीनिंग करणारी त्यांची लाइन. एका रात्री डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना हिने ब्लोहोल, म्हणजे धातूत राहिलेली छिद्रं, दिसली म्हणून लॉट होल्डवर टाकला. शब्दाला शब्द वाढला. हिने लाल बिनमधल्या, म्हणजे नापास मालाच्या डब्यातल्या, पार्टचा फोटो काढून प्लांटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘प्रॉडक्शनने लक्ष द्यावे.’ त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप हेल्परच्या तोंडून.

माझ्यासमोर बसून ती म्हणाली, “मॅडम, मी काम चोख करते म्हणून भांडखोर ठरले. अण्णांना बाईमाणसाचं ऐकायचंच नाही.”

अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते: हा वाद आहे की छळ? घाणेरडं बोलणं, अंगचटीला येणं, एकटीला गाठणं असं काही घडतंय का, हे तिला स्पष्ट विचारलं. नाही म्हणाली. तसं असतं तर दोघांना समोरासमोर बसवण्याचा विषयच नव्हता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. लैंगिक छळाच्या तक्रारीला ‘दोघं बसून मिटवा’ म्हणणारे वरिष्ठ मी पाहिलेत. तो बाईवर दुसरा अन्याय असतो.

मग विचारलं, “अण्णांची फर्स्ट शिफ्ट असते त्या आठवड्यात होतात का अशी भांडणं?”

ती विचारात पडली. “नाही. तेव्हा नाही होत. सगळं संध्याकाळनंतरच.”

माझ्या दृष्टीने गुंता इथेच सुटायला लागला. माणसं तीच, मशीन तीच, मग भांडणाला रात्रच का लागते?

अण्णांना वेगळं भेटले. कोण चुकलं हे न विचारता म्हटलं, त्या रात्री काय काय घडलं ते घड्याळाप्रमाणे सांगा. गंमत नव्हे, खरंच सांगते, दोघांच्या सांगण्यात घटना जवळपास सारख्या होत्या. फरक होता तो समोरच्याच्या हेतूबद्दल. ती म्हणत होती त्यांना माज आहे, ते म्हणत होते तिला साहेबांसमोर चमकायचंय. दुसऱ्याच्या वागण्यात आपल्याला त्याचा स्वभाव तेवढा दिसतो, त्याच्यावरचा दाब दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीवर बोट ठेवलं होतं. शॉप फ्लोअरवर ती रोज बघायला मिळते.

दाब दोघांवरही होता. ब्लोहोल हा कास्टिंगमधला दोष, पण तो आत लपलेला असतो आणि मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो. तिथल्या रजिस्टरमध्ये कास्टिंग रिजेक्शन आणि मशीनिंग रिजेक्शन असे वेगळे रकानेच नव्हते. म्हणजे फाउंड्रीचा, जिथे कास्टिंग ओतलं जातं तिथला, दोष अण्णांच्या शिफ्टच्या नावावर चढायचा आणि सकाळच्या मीटिंगला बोलणी त्यांनी खायची. उलट तो पार्ट कस्टमरकडे पोचला, तर जाब हिला. आणि ‘हे छिद्र चालेल की नाही’ हे ठरवायचा अधिकार ज्या क्वालिटी मॅनेजरांना, ते सहाला घरी. दिवसा असा पार्ट त्यांच्या टेबलावर जायचा. रात्री त्यांच्या वाटणीचा निर्णय हे दोघं आपसात भांडून घेत होते.

एचआरचा उपाय तयार होता, तिची शिफ्ट बदलायची. मी थांबवलं. आधीचा इन्स्पेक्टरही याच लाइनवर वैतागून गेला होता. तिच्या जागी तिसरा आला असता तरी रात्री तेच झालं असतं.

मग दोघांना एकत्र बसवलं. अट एकच: आपली बाजू मांडायच्या आधी समोरच्याची अडचण सांगायची, तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. अण्णांना जड गेलं. मध्येच म्हणाले, “फोटो टाकण्याआधी मला एकदा हाक मारायची होतीस.”

“मारली होती, अण्णा. तुम्ही म्हणालात, तुला काय लिहायचं ते लिही.”

“म्हणालो असेन. गाडीवाला डोक्यावर बसला होता.” मग बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. “त्या ग्रुपमध्ये माझा पुतण्या आहे गं. मीच लावलंय त्याला इथे.”

तिला हे माहीत नव्हतं. “चुकलं माझं,” ती म्हणाली, आणि मला ते मनापासून वाटलं. ‘काल आलेली पोर’ हे अण्णांचे शब्द मात्र परत नकोत, हेही तिने तिथेच सांगितलं. अण्णांनी मान हलवली.

समजूत अशी पटली तरी मी तेवढ्यावर विसंबत नाही, कारण पुढच्या रात्री गाडी पुन्हा दारात असते. म्हणून मॅनेजमेंटकडून तीन गोष्टी करून घेतल्या. रजिस्टरमध्ये दोन रकाने. लाइनवर लिमिट सॅम्पल, म्हणजे कितपत छिद्र चालेल आणि कितपत नाही याचे सही केलेले नमुने. आणि नमुन्यावरूनही अडलं, तर दोघांनी मिळून मॅनेजरना फोन. फोटो फक्त त्यांना, ग्रुपवर नाही. मॅनेजर सुरुवातीला नाखूश होते, रात्रीचा फोन कुणाला हवा असतो! पण तो त्यांच्या कामाचाच भाग होता.

दोघं काही जिवलग झाले नाहीत. अण्णा अजून कुरकुरतात, ती अजून लॉट अडवते. बोलणं मात्र सुरू आहे आणि तिने राजीनामा दिला नाही.

तुमचंही कुणाशी असं बिनसलं असेल, तर भांडण कोणत्या वेळी, कोणत्या कामावरून होतं ते काही दिवस लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन वरिष्ठांकडे जा. ‘तो माणूसच वाईट’ या तक्रारीवर ते काही करू शकत नाहीत, ‘रात्री निर्णय घ्यायला कुणी नसतं’ यावर करू शकतात. सगळं दाखवूनही त्यांनी ढिम्म हलायचं नाही असं ठरवलं असेल आणि तुमची झोप उडाली असेल, तर खुशाल दुसरी नोकरी बघा. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. फक्त नवीन ठिकाणी मुलाखतीतच विचारून घ्या, की रात्री अडलं तर फोन कुणाला करायचा.