गुरुत्वाकर्षण आणि अणुकेंद्रातलं बल एकच, हा दावा कसा तपासायचा?

ही दोन्ही बलं एकच असं सांगणारी भुसावळच्या निवृत्त सरांची पीडीएफ खरी मानायची का, हा तुमचा प्रश्न. आधी आकडे मागा. दोन प्रोटॉनमधलं गुरुत्वाकर्षण त्यांच्या विद्युत प्रतिकर्षणापेक्षा १ वर ३६ शून्यं इतक्या पटींनी दुबळं आहे. ‘जवळ आलं की गुरुत्व वाढतं’ एवढ्यावर भागत नाही. ड्युटेरॉनची (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचं अणुकेंद्र) बंधनऊर्जा, म्हणजे ते फोडायला लागणारी ऊर्जा, २.२ एमईव्ही (अणुपातळीवरचं ऊर्जेचं एकक), ती सूत्रातून काढून दाखवा म्हणावं, आणि स्थिरांक मागाहून न जुळवता! शिवाय गुरुत्व सगळ्यांवर चालतं, प्रकाशावरही. इलेक्ट्रॉनला मात्र तीव्र बल, म्हणजे अणुकेंद्रातलं बल, जाणवतच नाही. बहुतेक असे सिद्धांत इथेच अडकतात. वांग्याच्या भरतासारखं सगळं एकत्र घोटलं की एकीकरण झालं, असं नसतं. ‘आइन्स्टाईनलाही लोक हसले होते’ हे तर सोडाच. १९१५ मध्ये त्यांच्या हिशोबात बुधाच्या कक्षेच्या सरकण्यातले, आधी न उलगडलेले, शतकामागचे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) चोख बसले होते.