रॉटवायलर, सोसायटीची नोटीस आणि राहून गेलेला परवाना

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा रॉटवायलर आहे. नव्या सोसायटीत राहायला आलो आणि महिन्याभरात नोटीस आली : ‘या जातीवर केंद्र सरकारची बंदी आहे, पंधरा दिवसांत कुत्रा हलवा.’ महापालिकेचा परवाना काढायचा राहून गेला आहे. एकदा तो वॉचमनच्या अंगावर धावला, चावला नाही. तेव्हा साखळी आमच्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात होती. मित्राच्या मादीशी क्रॉस करायचंही मनात आहे. कुत्रा सोडून द्यावा लागेल का?

उत्तर : नाही. उलट पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हाच १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

नोटिशीतली ‘बंदी’ म्हणजे केंद्रीय पशुसंवर्धन विभागाचं १२ मार्च २०२४ चं पत्र. ते राज्यांना लिहिलेलं होतं, सोसायट्यांना नव्हे. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा, परवाने देऊ नका आणि आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा, असा मजकूर. घरातला कुत्रा बाहेर काढा, असं त्यातही नव्हतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांना विचारलंच नव्हतं. तरी तुमच्या महापालिकेचे नियम पाहून घ्या. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्ये स्वतःच्या पातळीवर रॉटवायलरची नवी नोंदणी बंद केली होती.

सोसायटीला मात्र हा अधिकार नाही. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. हेच मुद्दे घालून लेखी उत्तर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद घालू नका. तिथला रागाचा एक मेसेज पुढे तुमच्याच विरोधात दाखवला जातो.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. वॉचमन. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ला कुत्रा चावावाच लागतो असं नाही. गंभीर दुखापतीचा संभव असूनही पुरेशी काळजी न घेणं पुरेसं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उद्या तो कुणाला चावला, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव तुमच्या हातात उरलेला नाही. ती कल्पना वॉचमनच्या प्रसंगानेच दिली. मुलाच्या हातात साखळी पुन्हा नको. घराबाहेर मोठं माणूस, आखूड पट्टा आणि तोंडाला जाळी. जाळीची सक्ती सोसायटी करू शकत नाही, पण तुम्ही आपणहून घाला. आणि वॉचमनला एकदा भेटा. पोलीस ठाण्यात जायचं की नाही, हे पुष्कळदा त्या भेटीवर ठरतं.

परवान्याचा अर्ज नोटिशीला उत्तर देण्याआधीच करा. रेबीजच्या लसीचं कार्ड लागेलच. जात खरी लिहा. माझ्या एका अशिलाने अर्जात ‘क्रॉस ब्रीड’ लिहिलं होतं आणि लसीच्या कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात ‘रॉटवायलर’. समोरच्या वकिलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले; पुढे फार बोलावं लागलं नाही.

क्रॉसचा विचार सोडा. २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. त्यापेक्षा नसबंदी करून प्रमाणपत्र फाइलला लावा. भेटायला याल तेव्हा नोटिशीचं पाकीटही आणा. पंधरा दिवस कुठून मोजायचे ते त्यावरच्या तारखेवरून कळेल.