रॉड बसवला, पण तलावपाळी बंद झाली

प्रश्न: माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गणपतीत रात्री बाथरूमला जाताना पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून आम्ही त्यांचं तलावपाळीवर फिरणं बंद केलं. बाथरूममध्ये आधाराचा रॉड लावला, व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवला. तो तसाच आहे. रोजच्या धावपळीत हे बसवायचं कसं?
– एक वाचक, खारकर आळी, ठाणे

उत्तर: रॉड लावलात ते छान केलंत. फक्त तो रबरी वाटीने टाइलला चिकटणारा असेल तर आजच काढा आणि ड्रिल करून भिंतीत पक्का बसवून घ्या. माझी आई पडली तेव्हा तिने टॉवेलचा रॉड धरला होता. तो स्क्रूसकट हातात आला. तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून नौपाड्यात काम करून मला सतरा वर्षं झाली होती, आणि आईचं बाथरूम मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ते अजून सलतं.

तलावपाळी बंद केलीत, हे मात्र मला पटत नाही. बसून राहिलं की मांड्या-पोटऱ्यांतली ताकद जाते, मनातली भीती वाढते आणि पुन्हा पडण्याची शक्यताही वाढते. संध्याकाळची गर्दी नको. सकाळी, मागे पट्टा असलेल्या सँडलमध्ये, कुणाच्या तरी सोबतीने त्यांना जाऊ द्या.

कागद फ्रिजवरून काढा आणि व्यायाम कामाला जोडा. चहा उकळेपर्यंत ओटा धरून दहा वेळा टाचा वर-खाली. सीरियलच्या ब्रेकमध्ये खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, जमेल तर हात न टेकता. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी आणि पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा.

पडल्या त्या रात्री उठल्याउठल्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, हे त्यांना विचारा. सासूबाईंना आधी झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजायला डॉक्टरांना सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर गोळ्या तपासून घ्याव्या लागतात. बीपीच्या, लघवीच्या, झोपेच्या, सगळ्याच दाखवा. मनाने एकही बंद करू नका. तोवर रात्री पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून, दिवा लावूनच उठायचं.

शेवटी घड्याळ घ्या. खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने तीन मीटर जाऊन, परत येऊन बसायला त्यांना १२ सेकंद किंवा जास्त लागले तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. आकडा मलाही कळवा.